मिसिसागाहून सडबरीला जाताना विंटर टायर कोणते घ्यावेत?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरीनिमित्त सप्टेंबरात कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातले, टोरोंटोजवळचे मिसिसागा सोडून त्याच प्रांतात उत्तरेकडे असलेल्या सडबरीला राहायला जायचे आहे. गाडी २०१९ ची होंडा सीआर-व्ही असून ती ऑल-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनची शक्ती देऊ शकणारी) आहे, आणि तिच्या १८ इंची रिमवर दोन वर्षे वापरलेले ऑल-सीझन टायर आहेत. मिसिसागातले आजवरचे हिवाळे आपण अशाच टायरवर काढले आहेत, आणि पुढेही महिन्यातून एकदा तरी तिकडे येणे-जाणे राहणार आहे. एका दुकानदाराने खिळ्यांचे (रबरात धातूचे खिळे बसवलेले) टायर सुचवले, एका सहकाऱ्याच्या मते ऑल-वेदर टायर पुरेसे आहेत, आणि ऑल-व्हील ड्राइव्ह असताना वेगळ्या टायरची गरजच काय, असे आपल्याला स्वतःला वाटते. मी ऑन्टारियोत बरीच वर्षे टायर आणि सस्पेन्शनचे काम करतो. माझे मत असे की विंटर टायर घ्यावेच लागतील, तेही चारही चाकांना, बिनखिळ्यांचे, १७ इंची वेगळ्या रिमवर बसवलेले, आणि ऑक्टोबर उजाडण्यापूर्वी घेतलेले.

ऑल-व्हील ड्राइव्हविषयीचा समज आधी दूर करणे आवश्यक आहे, कारण बाकी सर्व निर्णय त्यावरच अडून राहतात. आपल्या गाडीत एरवी पुढची चाके ओढतात, आणि ती घसरू लागली, किंवा घसरतील असे गाडीच्या संगणकाला वाटले, की मागच्या धुरेकडे शक्ती वळवली जाते. त्यामुळे सिग्नलवरून निघताना, चढ चढताना किंवा पार्किंगमध्ये साचलेल्या बर्फातून बाहेर पडताना गाडी निश्चितच सरस ठरते. मात्र ब्रेक दाबल्यावर प्रत्येक गाडीची चारही चाके थांबवण्याचेच काम करीत असतात, आणि तेथे ऑल-व्हील ड्राइव्हचा काडीचाही उपयोग होत नाही. उलट असे होते की, निघताना गाडी मुळीच न घसरल्यामुळे रस्ता किती निसरडा आहे याची चालकाला कल्पनाच येत नाही आणि तो वेग वाढवून बसतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीसाठी हिशेब मांडला तर कोरड्या डांबरावर, घर्षणगुणांक (रस्त्याच्या पकडीचे माप) ०.८ धरून, नुसते ब्रेकचे अंतर सुमारे १२ मीटर येते; दाबून बसलेल्या बर्फावर ०.२ धरला तर ते ४९ मीटर होते आणि ०.३ धरला तर ३३ मीटर. ०.२ आणि ०.३ हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, पण रस्त्यावर तो १६ मीटरचा, म्हणजे तीन गाड्यांच्या लांबीहून अधिक असतो. विंटर टायरचे पैसे आपण मोजतो ते या १६ मीटरसाठी.

मिसिसागाचा अनुभव सडबरीत का लागू पडत नाही, हेही पाहू. टोरोंटोच्या पिअर्सन विमानतळावर वर्षाकाठी सरासरी सुमारे ११० सेंटिमीटर बर्फ पडतो, तर सडबरीत त्याच्या दुपटीहून अधिक. परंतु माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा फरक तापमानाचा आहे. सडबरीत जानेवारीतल्या रात्री सरासरी उणे १८ अंशांच्या आसपास असतात. मिसिसागात बर्फ पडल्यावर मीठ टाकले जाते, दोन-तीन तासांत डांबर काळे दिसू लागते, आणि आपण खरे तर बर्फावर नव्हे तर ओल्या रस्त्यावर गाडी चालवत असतो. साधारण उणे १२ अंशांच्या खाली मिठाचा प्रभाव फार मंदावतो. मग रस्त्यावर वाळू पसरली जाते, आणि तिच्याखाली दाबून गुळगुळीत झालेला पांढरा थर अनेक दिवस तसाच राहतो. त्यातच सडबरी हे खडकाळ टेकड्यांवर वसलेले गाव आहे, त्यामुळे उताराच्या पायथ्याशी असलेला थांब्याचा फलक ही तेथील रोजची परीक्षा असते.

रबराबाबत सात अंशांचा नियम आपण ऐकला असेल: तापमान ७ अंशांखाली गेले की ऑल-सीझन टायर कडक होतात. नियम उपयुक्त आहे, पण थंडीत बाटलीतले खोबरेल तेल जसे थिजून बसते तसे रबर एका ठरावीक अंशाला थिजत नाही. ते हळूहळू ताठर होत जाते, आणि उणे १८ ला त्याचा ताठरपणा ७ अंशांपेक्षा पुष्कळच अधिक असतो. विंटर टायरच्या मिश्रणात सिलिकाचे आणि अन्य घटकांचे प्रमाण असे राखलेले असते की कडाक्याच्या थंडीतही नक्षीचे ठोकळे लवचीक राहतात. या ठोकळ्यांवर पात्याने कापल्यासारख्या शेकडो बारीक चिरा असतात. चाक टेकले की त्या किंचित उघडतात, त्यांच्या कडा बर्फाला धरतात आणि बर्फावरच्या पाण्याच्या पातळ पापुद्र्याला बाजूला सरायला जागा मिळते. रुंद खाचांमध्ये बर्फ दाबून भरला जातो, तोही कामाचाच असतो, कारण बर्फाला बर्फाची पकड रबरापेक्षा चांगली मिळते. एक गोष्ट ध्यानात ठेवावी की बर्फाची काच, म्हणजे रस्त्यावर गोठलेला गुळगुळीत थर, सर्वांत धोकादायक असते ती शून्याच्या आसपास, वर पाणी सुटलेले असताना. उणे २० ला तीच काच तुलनेने बरी. नोव्हेंबर आणि मार्च या महिन्यांना हलके लेखू नये, ते यासाठी.

दुकानात गेल्यावर टायरच्या बाजूवर दोन खुणा दिसतील. ‘एम+एस’ ही अक्षरे नक्षीच्या रचनेपुरती असतात. ती उमटवण्यासाठी बर्फावर चाचणी घ्यावी लागत नाही, आणि आपल्या सध्याच्या टायरवरही ती बहुधा असतीलच. दुसरी खूण म्हणजे तीन शिखरांच्या डोंगरात कोरलेला हिमकण. ही मिळवण्यासाठी दाबलेल्या बर्फावर प्रमाणित टायरच्या तुलनेत किमान दहा टक्के अधिक पकड सिद्ध करावी लागते. ही खूण नसलेला टायर विंटर टायर म्हणून घेऊच नये. तथापि या खुणेलाही मर्यादा आहे: उत्तर अमेरिकेत प्रचलित असलेली ही चाचणी चाक किती जोराने ओढते हे मोजते, ब्रेक, वळण किंवा गुळगुळीत बर्फाची काच यांची परीक्षा तीत होत नाही. म्हणजे ही खूण असलेले दोन टायर काचेसारख्या बर्फावर एकमेकांपासून फार दूर असू शकतात.

सहकाऱ्याने सुचवलेले ऑल-वेदर टायर नेमके येथे येतात. मिशेलिनचा क्रॉसक्लायमेट २, टोयोचा सेल्सियस किंवा नोकियनची डब्ल्यूआर मालिका यांच्यावर हिमकणाची खूण असते आणि ते वर्षभर गाडीवर ठेवता येतात. आपण मिसिसागातच राहणार असता तर मी कदाचित हेच सुचवले असते, कारण तेथे बदलाबदलीची कटकट आणि साठवणुकीची जागा वाचवणे हा वाजवी सौदा आहे. परंतु जुलैच्या तापलेल्या डांबरावर झिजू नये इतके टणक रबर उणे २५ ला विंटर टायरइतके मऊ राहावे, ही अपेक्षा अवाजवी आहे. सडबरीत वर्षातले जवळजवळ सहा महिने हिवाळी परिस्थितीचे असतात. तेथे तडजोडीचा टायर घेऊन वाचते ते फारसे काही नाही.

खिळ्यांचे टायर घ्यावेत की नाही, हा प्रश्न आपल्या बाबतीत कायदाच सोडवतो. ऑन्टारियोत असे टायर हिवाळ्याच्या ठरावीक काळात वापरण्याची मुभा उत्तर ऑन्टारियोतील रहिवाशांना आहे. दक्षिण ऑन्टारियोतील रस्त्यांवर ते चालत नाहीत. आपण दर महिन्याला मिसिसागाला येणार असल्यामुळे पॅरी साऊंड जिल्ह्याची हद्द ओलांडून खाली आलात की आपण नियमभंग करीत असाल. दुकानदाराने हे सांगितले नसेल तर ते त्याचे अज्ञान असेल किंवा विक्रीची घाई. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी, ज्यांना रोज पहाटे गावाबाहेरच्या, बर्फ न हटवलेल्या रस्त्यावरून जावे लागते त्यांनाच मी खिळे सुचवतो, कारण कोरड्या डांबरावर ते आवाज करतात, रस्ता खरवडतात आणि तेथे त्यांचे थांबण्याचे अंतरही वाढू शकते. जपानने रस्त्यांच्या या खरवडीतून उडणाऱ्या धुळीला कंटाळून १९९० मध्ये खिळ्यांच्या टायरविरुद्ध कायदा केला, आणि बिनखिळ्यांच्या बर्फाळ टायरचे तंत्र तेथे झपाट्याने पुढे गेले. ब्रिजस्टोनचा ब्लिझॅक १९८८ पासूनचा, त्याच वातावरणातला.

बिनखिळ्यांच्या टायरांतही दोन घराणी आहेत आणि येथे पुष्कळ ग्राहक फसतात. एक मध्य युरोपच्या धर्तीचे: ओल्या, थंड, बहुतांशी साफ असलेल्या महामार्गांसाठी केलेले, वेगमर्यादेचे अक्षर एच किंवा व्ही असलेले, आणि वळणावर ताठ राहणारे. दुसरे उत्तर युरोपच्या धर्तीचे: अधिक मऊ, अधिक चिरांचे, वेगमर्यादेचे अक्षर बहुधा आर किंवा टी, आणि खऱ्या बर्फासाठीच केलेले. सडबरीसाठी दुसऱ्या घराण्यातलाच घ्यावा. त्यात मिशेलिनचा एक्स-आइस स्नो, ब्रिजस्टोनचा ब्लिझॅक, नोकियनची हाक्कापेलिट्टा आर मालिका आणि काँटिनेंटलचा व्हायकिंगकाँटॅक्ट हे सर्व विश्वासाचे आहेत. नोकियन ही फिनलंडची कंपनी १९३४ पासून हिवाळी टायर करते आहे, पण केवळ नावासाठी अधिक पैसे मोजण्याचे कारण नाही; या चौघांपैकी आपल्या मापाचा जो सप्टेंबरात चांगल्या भावात मिळेल तो घ्यावा. एक भेद मात्र सांगण्यासारखा आहे. ब्लिझॅकच्या अनेक मॉडेलांत खास सच्छिद्र रबर नक्षीच्या वरच्या भागापुरतेच असते; तो थर झिजला की खालचे रबर बर्फावर पूर्वीसारखे काम देत नाही. टायर चार-पाच हिवाळे चालवायचे असतील तर मी एक्स-आइसकडे झुकेन. दोन-तीन वर्षांत पुन्हा बदली होणार असेल तर ब्लिझॅक घेण्यास काहीच हरकत नाही.

आता माप आणि रिम. येथे थोडे तपशिलात जातो, कारण पैसे वाचतात किंवा वाया जातात ते येथेच. आपल्या गाडीवर २३५/६० आर १८ हे माप आहे. याच पिढीच्या सीआर-व्हीची साधी आवृत्ती कारखान्यातूनच २३५/६५ आर १७ वर येते, म्हणजे १७ इंची रिम ब्रेकला अडणार नाही याची ती खात्रीच आहे. दोन्ही चाकांचा एकूण व्यास काढला तर एक सुमारे ७३९ मिलिमीटर आणि दुसरा सुमारे ७३७. वेगमापकात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. १७ इंची टायर स्वस्त पडतो. त्याची बाजू अधिक उंच असल्याने बर्फ वितळल्यानंतर उघड्या पडणाऱ्या खड्ड्यांत रिम वाकण्याची शक्यताही कमी होते. भार-निर्देशांक (टायर किती वजन पेलतो याचा आकडा) दाराच्या चौकटीवरील पत्रकात दिलेल्या आकड्यापेक्षा कमी नसावा, एवढे पाहावे. वेगाचे अक्षर मात्र हिवाळ्यापुरते खालचे असले तरी चालते, कारण आर म्हणजेही ताशी १७० किलोमीटर.

पोलादी रिम दिसायला ओबडधोबड असतात, पण मिठाच्या चिखलात सहा महिने काढणाऱ्या चाकासाठी देखणेपणाची अपेक्षा तरी कोणी करावी? बाजारातले इतर कंपन्यांचे रिम घेतलेत तर नटांकडे नीट लक्ष द्यावे. होंडाच्या मूळ रिमला गोलसर बुडाचे नट लागतात, तर बाहेरच्या बहुतेक रिमना शंकूच्या आकाराच्या बुडाचे. चुकीचा नट पान्याला घट्ट लागल्यासारखा वाटतो, परंतु तो रिमला केवळ एका कडेवर टेकलेला असतो आणि पुढे सैल होत जातो. म्हणून रिमसोबत त्यांचेच नट मागून घ्यावेत, आणि उन्हाळ्यात मूळ रिम परत चढवताना मूळ नटच वापरावेत. मी दोन्ही संच वेगवेगळ्या पिशव्यांत नाव लिहून ठेवायला सांगतो. रिमच्या मध्यावरचे भोक गाडीच्या हबला (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाला) जुळणारे असावे, नसेल तर मधले कडे बसवून घ्यावे; एरवी ताशी ९० च्या पुढे स्टीअरिंग थरथरते आणि ग्राहक विनाकारण पुन्हापुन्हा बॅलन्सिंग करून घेत राहतो.

याच संदर्भात आणखी एक खर्च टळतो. चाकांतील हवेचा दाब सांगणारे सेन्सर प्रत्येक रिममध्ये बसवावे लागतील असे सांगून चारांचे पैसे घेतले जाऊ शकतात. आपल्या गाडीत ती पद्धत नाही. तिच्यात चाकांच्या फिरण्याच्या गतीतील फरकावरून कमी झालेली हवा ओळखली जाते. त्यामुळे सेन्सर नकोत. टायर बदलल्यावर हवा योग्य भरून डॅशबोर्डवरील सूचीतून टायरच्या दाबाचे कॅलिब्रेशन तेवढे करावे, आणि नंतर एकंदर अर्धा तास मध्यम वेगाने गाडी चालवली की ते पूर्ण होते.

चारऐवजी पुढचे दोनच टायर घ्यावेत, हा विचार मनात आला असेल तर तो सोडून द्यावा. पुढची चाके पकड धरतात आणि मागची धरत नाहीत, अशी गाडी उतारावर ब्रेक दाबताच शेपूट फिरवते, आणि अशा वेळी सावरणे सरावलेल्या चालकालाही कठीण जाते. शिवाय ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या आणि मागच्या टायरच्या व्यासात फरक पडला तर मागच्या धुरेकडे शक्ती वळवणाऱ्या मधल्या क्लचवर सततचा ताण येतो. त्याची दुरुस्ती दोन टायरच्या किमतीपेक्षा कितीतरी महाग पडते.

खर्चाचा अंदाज द्यायचा तर चार चांगले टायर, चार पोलादी रिम आणि बसवणावळ मिळून साधारण दीड हजार डॉलरच्या आसपासची तयारी ठेवावी. वेगळ्या रिममुळे दर मोसमाला टायर रिमवरून उतरवण्याची मजुरी वाचते आणि टायरच्या कडाही फाटत नाहीत. हिवाळ्यात उन्हाळी टायर विश्रांती घेत असल्याने त्यांचे आयुष्य वाढते, म्हणजे टायरवरचा खर्च काही अंशी केवळ पुढे ढकलला जातो. आणखी एक: ऑन्टारियोत विंटर टायर सक्तीचे नाहीत (शेजारच्या क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च ते आहेत), परंतु १ जानेवारी २०१६ पासून येथील विमा कंपन्यांना विंटर टायर वापरणाऱ्यांना सवलत देणे बंधनकारक आहे. पत्ता बदलल्याचे विमा कंपनीला कळवावे लागणारच आहे. त्याच वेळी ही सवलत मागून घ्यावी आणि टायरची पावती जपून ठेवावी.

जुने टायर घेण्यास माझा सरसकट विरोध नाही, फक्त पारख हवी. टायरच्या बाजूवर ‘डॉट’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात, ३५२१ म्हणजे २०२१ सालचा ३५ वा आठवडा. सहा वर्षांपलीकडचा विंटर टायर, नक्षी कितीही भरदार दिसली तरी, मी घेणार नाही, कारण त्याच्या किमतीचे कारण असलेला मऊपणाच तोवर ओसरू लागलेला असतो. खोली मोजण्याचे साधन सोबत न्यावे. १.६ मिलिमीटर ही जी किमान मर्यादा सर्वत्र सांगितली जाते ती बर्फासाठी निरुपयोगी आहे. ४ मिलिमीटरच्या जवळ आलेला टायर बर्फासाठी संपलाच असे समजावे. चिरा तळापर्यंत शिल्लक आहेत का, आणि आतली कड बाहेरच्यापेक्षा अधिक झिजलेली नाही ना, हेही टायर उलटून पाहावे.

वेळेबाबत सांगायचे तर खरेदी सप्टेंबरातच उरकावी. दुकाने उन्हाळ्यातच मागणी नोंदवतात. पहिल्या बर्फाच्या दिवशी रांगा लागतात आणि हवे ते माप संपलेले असते. सडबरीत थँक्सगिव्हिंगच्या सुमारास, म्हणजे ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, टायर चढलेले असावेत. पहिले ३००-५०० किलोमीटर सौम्यपणे चालवावे, म्हणजे साच्यातून आलेला तुकतुकीत थर निघून जाईल. चाके बसवल्यानंतर शंभरेक किलोमीटरवर टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) नट पुन्हा तपासून घ्यावेत; आपल्या बाबतीत पहिल्याच मिसिसागा फेरीपूर्वी हे व्हावे. वीस अंशांच्या गॅरेजात ३३ पीएसआय भरलेली हवा उणे २० अंशांत २६-२७ वर येते, म्हणून पहिल्या कडाक्यानंतर आणि पुढे दर महिन्याला, गाडी रात्रभर थंड झाल्यावर, दाब पाहून भर घालावी.

आपल्या मासिक प्रवासाविषयी एक वेगळी सूचना आहे. सुमारे ४०० किलोमीटरच्या या वाटेवर ६९ आणि ४०० क्रमांकाचे महामार्ग जॉर्जियन उपसागराच्या कडेने जातात. उपसागर गोठलेला नसतो तोवर त्यावरून येणारे थंड पश्चिमी वारे बाष्प उचलतात आणि पॅरी साऊंड ते बॅरी या पट्ट्यात अरुंद पण दाट हिमझोत सोडतात. मिसिसागात ऊन आणि सडबरीत ऊन असतानाही मधल्या वीस किलोमीटरांत बॉनेटपुढचे काही दिसेनासे होते. त्या स्थितीत कोणताही टायर आपल्याला वाचवत नाही, कारण अडचण पकडीची नसून दृष्टीची असते. निघण्यापूर्वी ऑन्टारियो ५११ या प्रांताच्या रस्ते-माहिती सेवेवर रस्त्याची स्थिती पाहावी आणि डिसेंबरात शुक्रवारी रात्रीऐवजी शनिवारी सकाळी निघण्याची सवय लावावी.

वसंतात टायर उतरवण्याची घाई करू नये. मिसिसागाकर एप्रिलच्या सुरुवातीलाच बदलतात, सडबरीत एप्रिलअखेर किंवा मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत थांबणे बरे. मात्र त्यानंतर ते गाडीवर राहू देऊ नयेत, कारण मऊ रबर उन्हाळ्यात भराभर झिजते. उतरवताना प्रत्येक चाकावर खडूने त्याची जागा लिहावी, मीठ धुऊन कोरडे करावे, काळ्या पिशवीत बांधून रिमसह आडवे एकावर एक रचावे, आणि तळघरात ठेवणार असाल तर भट्टी व विजेच्या मोटारींपासून दूर ठेवावे, कारण त्यांच्यापाशी तयार होणारा ओझोन रबराला तडे पाडतो. अपार्टमेंटमध्ये जागा नसेल तर मोसमभर टायर सांभाळणारी दुकाने असतात. खरेदीच्या वेळीच दर विचारल्यास ते बहुधा कमी करून देतात.